प्रकाश टाका, पण कोणता?

मराठीच्या प्रश्नपत्रिकांत वर्षानुवर्षे टिकून राहिलेला एक शब्दप्रयोग आहे. 'अमुक कादंबरीतील स्त्रीचित्रणावर प्रकाश टाका', 'तमुक कवीच्या निसर्गजाणिवेवर प्रकाश टाका'. विद्यार्थी निमूटपणे तीन पाने प्रकाश टाकतात, आम्ही तो तपासतो आणि पंधरापैकी आठ-नऊ गुण देतो. प्रबंधांची प्रास्ताविके, चर्चासत्रांची निमंत्रणे, ग्रंथपरीक्षणे अशा सर्व ठिकाणी हा प्रकाश टाकला जातो. कधी कधी त्याचा झोतही होतो. वापरून वापरून या शब्दप्रयोगातला दिवा केव्हाच विझून गेला आहे. प्रकाश कशाचा, कोणत्या जातीचा, त्यात काय दिसते आणि काय दिसेनासे होते, हे विचारण्याची आपल्याकडे रीत नाही. प्रकाश पडला की वस्तू आहे तशी दिसते, असे आपण धरून चालतो. प्रस्तुत लेख या गृहीतकाविषयी आहे. तिथवर आम्ही जाणार आहोत ते मात्र रस्त्यावरच्या दिव्यांच्या वाटेने.

हा लेख लिहिणाऱ्या आम्ही दोघी एकाच महाविद्यालयात मराठी शिकवतो. आमच्यापैकी एकीचे वडील तालुक्याच्या गावी नगरपालिकेत वायरमन होते. आम्ही दोघीही त्यांना अण्णाच म्हणतो. त्यांच्या घराच्या माळ्यावर अजूनही जुने चोक, इग्निटर आणि जळके दिवे पोत्यात भरून ठेवलेले आहेत. गावाने तीस-पस्तीस वर्षांत रात्रीचे तीन रंग पाहिले: आधी निळसर हिरवा, मग नारिंगी पिवळा आणि आता पांढरा. या तिन्ही रंगांचे दिवे अण्णांनी स्वतःच्या हाताने खांबांवर चढवले. पुढील मजकुरातले पुष्कळसे त्यांच्या तोंडून ऐकलेले आणि मग ग्रंथांतून पडताळून घेतलेले आहे.

दिवा म्हटले की मराठीला वात, तेल आणि ज्योत आठवते. पणती, समई, निरांजन, कंदील ही सारी त्या एकाच कुळातली भावंडे. दिवा 'विझवला' म्हणू नये, 'मालवला' म्हणावे, ही शिकवणही ज्योतीच्या मानापोटी आलेली. विजेचा बल्ब आला तेव्हा वातीच्या जागी तार आली, पण तत्त्व बदलले नाही. काहीतरी तापते आणि तापल्यामुळे उजळते. तापलेल्या वस्तूच्या उजेडात तांबड्यापासून जांभळ्यापर्यंतचे सगळे रंग सलग असतात, कमी-अधिक प्रमाणात का होईना. सूर्याचेही तसेच आहे.

ज्यांना 'एचआयडी' म्हणजे उच्च तीव्रतेचे विसर्जन-दिवे म्हणतात, ते या कुळातले नव्हेत. त्यांत वात नाही, तार नाही. एका लहानशा नळीच्या दोन टोकांना दोन विद्युदग्रे असतात आणि मध्ये वायू व धातूची वाफ. त्या मोकळ्या जागेतून वीज झेप घेते, वाटेत धातूच्या अणूंवर आदळते, आणि अणू घेतलेली ऊर्जा प्रकाशाच्या रूपाने परत करतात. पण प्रत्येक धातू ती ठराविक रंगरेषांतच परत करतो. पाऱ्याच्या रेषा वेगळ्या, सोडियमच्या वेगळ्या. व्याकरणात 'धातू' म्हणजे क्रियापदाचे मूळ. एकाच मुळापासून निघणारी रूपे ठरलेली असतात, तसेच काहीसे या धातूंचेही आहे. त्यांच्याकडून इंद्रधनुष्य मागून मिळत नाही.

या दिव्यांचा आणखी एक स्वभाव असा, की एकदा ठिणगी पेटली की नळीतला विरोध घटत जातो आणि वीज अनावर वाढू लागते. तिला आवर घालायला बाहेरून चोक जोडावा लागतो. चोक नसेल तर दिवा काही क्षणांत स्वतःलाच जाळून घेईल. रात्री खांबाखाली उभे राहिल्यावर जी बारीक घरघर ऐकू येते ती दिव्याची नसते, त्याला आवरून धरणाऱ्या चोकाची असते. बोलभाषेने या दिव्यांना आपली नावे दिली आहेत. 'मर्क्युरी' आणि 'सोडियम' ही त्यांतली अचूक नावे. तिसरे नाव 'हॅलोजन', आणि ते मंडपातल्या कोणत्याही डोळे दिपवणाऱ्या दिव्याला सरसकट लावले जाते. खरा हॅलोजन हा तारेचाच दिवा, ज्योतीच्या कुळातला. पण डोळे दिपल्यावर कुळाची चौकशी कोण करतो?

या दिव्यांत वडीलधारी मर्क्युरी. पीटर कूपर ह्यूइट या अमेरिकन संशोधकाने १९०१ साली पाऱ्याच्या वाफेच्या दिव्याचे पेटंट घेतले. ती कमी दाबाची लांबलचक नळी होती. जास्त दाबाचे, आटोपशीर आकाराचे आणि रस्त्यावर चालतील असे दिवे १९३०च्या दशकात आले. साधा बल्ब एका वॉटमागे दहा-पंधरा ल्यूमेन प्रकाश देत असताना मर्क्युरी पस्तीस ते साठ ल्यूमेन देऊ लागली. पाऱ्याच्या दृश्य रेषा जांभळ्या, निळ्या, हिरव्या आणि पिवळ्या. तांबडी जवळजवळ नाहीच. म्हणून नुसत्या पाऱ्याच्या उजेडात झाडे हिरवीगार दिसतात आणि माणसे आजारी दिसतात. पुढे काचेला आतून पांढरा लेप देऊन अतिनील किरणांपासून थोडा तांबडा रंग मिळवला गेला, तरी उणीव पुरती भरली नाही. अण्णा म्हणत, "मर्क्युरीखाली कुंकू काळं दिसतं गं. वरातीत नवरीचा लाल शालूसुद्धा काळा. म्हाताऱ्या बायका घाबरायच्या." ज्या समाजात काळ्या कुंकवाची कल्पनाही अशुभ, त्याच्या वराती कित्येक वर्षे या दिव्याखालून गेल्या. घरी पोचल्यावर बल्बच्या उजेडात कुंकू पुन्हा लाल होई आणि कोणी त्याविषयी बोलत नसे.

आपल्या प्राचीन रसशास्त्रात पाऱ्याला 'रस' म्हणतात. भरताच्या रसाशी त्याची सांगड घालण्याचा मोह वर्गात होतोच. तो इथे आवरता घेऊ. अण्णांचे एक निरीक्षण मात्र कोणत्याही रससिद्धान्ताइतके नेमके आहे. "मर्क्युरी मरत नाही, म्हातारी होते." हे दिवे चटकन बंद पडत नाहीत. वीज पूर्वीइतकीच खातात आणि वर्षानुवर्षे अधिकाधिक मंद होत जातात. बंद पडलेल्या दिव्याची तक्रार येते, मंद झालेल्याची येत नाही. डोळे तेवढ्यावर भागवून घेतात.

सोडियमची कथा वेगळी. त्याचा पहिला अवतार कमी दाबाचा. १९३२ साली नेदरलँड्समधील बेक आणि गेलेन या गावांमधला रस्ता त्याने उजळला. काटेकोर वर्गीकरणात हा उच्च तीव्रतेच्या दिव्यांत मोडत नाही, पण सोडियम समजून घ्यायचे तर सुरुवात इथूनच करावी लागते. याचा जवळजवळ सारा प्रकाश ५८९ नॅनोमीटरच्या आसपासच्या दोन जुळ्या रेषांत असतो. म्हणजे रंग एकच, पिवळा. मानवी डोळा ज्या रंगाला दिवसा सर्वांत संवेदनशील असतो त्याच्या हा बराच जवळ, म्हणून थोड्या विजेत भरपूर दिसते. पण दिसते ते पिवळे आणि काळे, बस्स. ओलाफर एलियासन या कलावंताने २००३ साली लंडनच्या टेट मॉडर्नच्या प्रचंड दालनात अशाच एकरंगी दिव्यांचा कृत्रिम सूर्य उभारला होता. त्याखाली हजारो प्रेक्षकांचे कपडे, कातडी आणि केस पिवळ्या-काळ्याच्या छटांत मिसळून गेले. याच एकरंगीपणाचा खगोलशास्त्रज्ञांना उपयोग झाला. कॅलिफोर्नियातील सॅन होजे शहराने लिक वेधशाळेसाठी हे दिवे स्वीकारले, कारण एकच रंग असल्यामुळे दुर्बिणीतून तो गाळून टाकता येतो. ज्या प्रकाशाची मर्यादा नेमकी ठाऊक आहे तो वजा करता येतो, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

आपल्या रस्त्यांवर आले ते जास्त दाबाचे सोडियम दिवे. त्यांतली अडचण अशी होती की तापलेले सोडियम काच आणि क्वार्ट्झ दोन्ही खाऊन टाकते. अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीत रॉबर्ट कोबल यांनी १९५०च्या दशकात अॅल्युमिनाची अर्धपारदर्शक सिरॅमिक तयार केली. तिच्यातून प्रकाश जातो आणि तिला सोडियम खात नाही. त्या नळीमुळे १९६०च्या दशकात हे दिवे बाजारात आले. दाब वाढला की सोडियमच्या रेषा पसरतात, आजूबाजूचे रंगही थोडे थोडे येतात आणि प्रकाश सोनेरी-नारिंगी होतो. मोठे दिवे वॉटमागे शंभराहून अधिक ल्यूमेन देतात.

इथे रंगांच्या गुणपत्रिकेकडे वळले पाहिजे. दिव्याखाली वस्तूंचे रंग कितपत खरे दिसतात हे मोजण्यासाठी रंगदर्शन निर्देशांक नावाचे माप आहे, शंभरपैकी गुण द्यावेत तसे. साध्या बल्बला या विषयात शंभर. जास्त दाबाच्या सोडियमला वीस-पंचवीस. म्हणजे काटकसरीत पहिला येणारा विद्यार्थी रंगांत सपशेल नापास, आणि रंगांत पैकीच्या पैकी मिळवणारा काटकसरीत नापास. रस्त्यांनी काटकसर निवडली, आणि ती निवड चुकीची होती असे आम्हांला म्हणवत नाही. त्याच नारिंगी उजेडातून आम्ही रात्री उशिरा शिकवणीहून निर्धास्त घरी आलो आहोत.

पण किंमत होती. मर्क्युरीने लाल काळा केला होता, सोडियमने निळा काळा केला. आमच्या गावी चौदा एप्रिलची मिरवणूक रात्री मुख्य रस्त्यावरून जाई. सोडियमच्या खांबांखाली आली की शेकडो निळे झेंडे काळपट होत, आणि चौकातल्या मंचाजवळ, जिथे कार्यकर्त्यांनी स्वतःचे दिवे लावलेले असत, तिथे पोचताच पुन्हा निळे होत. माडीवरून ते दृश्य दरवर्षी पाहताना त्याचा अर्थ लागला नव्हता. झेंडे अंधारात नव्हते. वरून भरपूर उजेड पडत होता. फक्त त्या उजेडापाशी निळा रंग फारसा नव्हता, आणि जो रंग वस्तूवर पडतच नाही तो वस्तू परत कोठून देणार?

तिसरा प्रकार मेटल हॅलाइडचा. पाऱ्याच्या नळीत इतर धातूंचे क्षार मिसळावेत ही कल्पना चार्ल्स स्टाइनमेट्झ यांनी १९१२ सालीच पेटंटात मांडली होती. ती व्यवहारात उतरायला १९६०चे दशक उजाडले. सोडियम, स्कँडियम अशा धातूंची आयोडाइडे पाऱ्याच्या सोबतीला आली आणि प्रत्येकाने आपापल्या रेषा आणल्या. एकट्याकडे इंद्रधनुष्य नव्हते. अनेकांनी मिळून त्याच्या बरेच जवळचे काहीतरी उभे केले. रंगांत पासष्ट ते नव्वद गुण आणि वॉटमागे पाऊणशे ते शंभर ल्यूमेन, असा हा दोन्ही विषयांत उत्तीर्ण होणारा दिवा. म्हणून तो मैदानांवर गेला, मोठ्या दालनांत गेला, साड्यांच्या दुकानांत गेला. त्याचा दोष वयाबरोबर दिसतो. नळीतले क्षार हळूहळू कमी होतात, मिश्रण बिघडते आणि एकाच दिवशी लावलेल्या दिव्यांपैकी एक हिरवट होतो, दुसरा गुलाबीकडे झुकतो. एका संपादकमंडळाने सुरू केलेल्या नियतकालिकांचे पुढे काय होते, ते ज्यांनी पाहिले आहे त्यांना याचे नवल वाटणार नाही.

चौथा झेनॉन. १९५०च्या दशकापासून चित्रपटगृहांच्या प्रक्षेपणकक्षांत कार्बन आर्कची जागा त्याने घेत नेली. त्याचा प्रकाश दिवसाच्या उजेडाच्या फार जवळचा; वॉटमागे मिळणारे माप मात्र कमी. आतला वायू दिवा थंड असतानाही दाबाखाली असल्यामुळे तो बदलताना ऑपरेटर तोंडावर मुखवटा घाली. खरा रंग हवा तर थोडी जोखीम आणि बराच खर्च, असे त्याचे सांगणे.

झेनॉन सोडला तर या दिव्यांना घाई मानवत नाही. बटण दाबल्यावर पूर्ण तेज यायला तीन-चार ते सात मिनिटे लागतात. आणि चालू दिवा विझला तर तो तापलेला असेपर्यंत पुन्हा पेटत नाही, कारण नळीतला दाब इतका चढलेला असतो की ठिणगीला वाट मिळत नाही. सोडियमला मिनिटभर पुरते, मेटल हॅलाइडला दहा-पंधरा मिनिटेही लागतात. ३ फेब्रुवारी २०१३ रोजी न्यू ऑर्लिन्स येथे अमेरिकन फुटबॉलचा सुपर बोल सामना चालू असताना मैदानातली वीज गेली आणि खेळ ३४ मिनिटे थांबला. वीज परतल्यावरही मेटल हॅलाइडचे दिवे निवून पुन्हा पेटेपर्यंत सर्वांना वाट पाहावी लागली. सोडियमचे म्हातारपण तर याहून हृद्य. जुना झालेला दिवा पेटतो, हळूहळू तेजाला येतो, तापला की लागणारे व्होल्टेज चोकाला पुरवता येत नाही म्हणून विझतो, निवतो आणि पुन्हा पेटतो. रात्रभर हेच. गल्लीतली मुले त्याला भुताचा खांब म्हणत. अण्णा म्हणत, "त्याला जायचंय, पण सवय सुटत नाही."

आता ते दिवे जात आहेत, बरेचसे गेलेही. पाऱ्याविषयीचा मिनामाता करार २०१३ साली जपानमध्ये स्वीकारला गेला आणि भारताने त्याला २०१८ साली मान्यता दिली. सर्वसाधारण प्रकाशासाठीच्या जास्त दाबाच्या मर्क्युरी दिव्यांना त्या कराराने २०२० ही मर्यादा घातली होती. इकडे जानेवारी २०१५ मध्ये केंद्र सरकारने पथदिव्यांचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला आणि देशभर एक कोटीहून अधिक एलईडी दिवे खांबांवर चढले. त्याच वर्षी मुंबईच्या मरीन ड्राइव्हवर सोडियमच्या जागी पांढरे दिवे आले, तेव्हा राणीच्या कंठहाराचा रंग गेला म्हणून वाद झाला, तो उच्च न्यायालयापर्यंत पोचला आणि पुढे तिथे पिवळसर छटेचे दिवे आले. जो रंग सोडियमच्या नाइलाजातून आला होता, तो तोवर शहराची ओळख होऊन बसला होता. अण्णांना यात हळहळण्यासारखे काही दिसत नाही. "बरं झालं. पावसात शिडीवर चढणं कमी झालं पोरांचं." स्मरणरंजनाला एवढे उत्तर पुरे आहे. मात्र नवा पांढरा दिवाही निःपक्षपाती नाही. तो मुळात निळा. त्यावरचा पिवळा लेप त्याला पांढरा करतो. कोणताही दिवा सगळे देत नाही.

आता त्या प्रश्नपत्रिकेकडे. आमच्या विभागातील एका विद्यार्थिनीने एम.ए.च्या प्रकल्पासाठी आपल्या आजीच्या जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या होत्या. संदर्भग्रंथ तिने मनापासून वाचले. सासुरवास, माहेरची ओढ, बाईच्या जन्माचे दुःख अशी प्रकरणे पाडली, आणि ती खोटी नव्हती. स्त्रीवादी अभ्यासाने तो प्रकाश टाकला नसता तर जात्यावरचे ते दुःख केवळ 'लोकसाहित्याचे लेणे' म्हणून कौतुकाच्या अंधारात पडून राहिले असते, याविषयी आमच्या मनात शंका नाही. पण एका ओवीपाशी तिने टीप जोडली होती. सासूच्या जाचाची ती ओवी म्हणताना आजी समोर बसलेल्या जावेकडे पाहून हसायची, आणि जाऊही हसायची. दोघी मिळून पलीकडच्या खोलीतल्या सासूला चिडवत असत. मौखिक परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारले, "हे हसू ओवीत कुठं आहे?" ती म्हणाली, "छापलेल्या ओवीत नाही, सर. पण आजीनं ती छापायला म्हटली नव्हती." टीप काढून टाकण्याची सूचना झाली. तिने ती काढली नाही. तिचे चार गुण गेले असतील.

ते हसू अंधारात नव्हते. ते त्या झेंड्यांसारखे भर उजेडात होते, फक्त त्या उजेडाच्या रेषांत त्याचा रंग बसत नव्हता. अंधारात जे दिसत नाही ते नाहीच, असे आपण कधी म्हणत नाही; हात पुढे करून चाचपडतो. उजेडात जे दिसत नाही ते मात्र नाहीच असे धरून पुढे जातो. म्हणूनच प्रखर दिव्याची भीती मंद दिव्यापेक्षा अधिक. समीक्षेतही वॉटमागे पुष्कळ ल्यूमेन देणारे सिद्धान्त असतात. एक संज्ञा हाती आली की दहा कादंबऱ्या एकाच सोनेरी रंगात झळाळतात, पाठ वेगाने उरकतो, प्रबंध वेळेत होतो. त्यांचा उपयोग नाकारण्यात अर्थ नाही. त्यांच्याच उजेडात आम्ही घरी पोचलो आहोत. पण दिव्याबरोबर त्याची गुणपत्रिकाही विद्यार्थ्याच्या हाती दिली पाहिजे: हा कोणता रंग खरा दाखवतो, कोणता काळा करतो. वेधशाळेने केले तसे, ठाऊक असलेली मर्यादा वजा करता येते. ठाऊक नसलेली मर्यादा वस्तूचाच गुण होऊन बसते.

याची रीत आपल्या बायकांना फार पूर्वीपासून माहीत आहे. साडीच्या दुकानात, दिव्यांच्या लखलखाटात, पसंत पडलेली साडी हातात घेऊन बाई म्हणते, "जरा दाराशी उजेडात नेऊन बघते." दुकानदाराला त्यात अपमान वाटत नाही, वाटेतली माणसे बाजूला होतात. ती दाराशी जाते, पदर उलगडते, काठ उलटून पाहते, आणि कधी कधी सोबतच्या मुलीला विचारते, "हा जांभळा आहे की निळा?" साडी रात्रीच्या समारंभात नेसायची असेल तर ती पुन्हा आत येऊन दिव्याखालीही पाहते. मग किंमत विचारते.